दोन सीटी स्कॅनमधला फरक कसा वाचावा? उपचार लागू पडतो आहे की नाही, हे चित्रांवरून ठरवताना

चोपडेकर गुरुजी

सर्वांना नमस्कार. माझे थोरले बंधू, वय ५८, चोपडा तालुक्यात केळी आणि कापसाची शेती करतात. गेल्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर यकृतात गाठी आढळल्यामुळे फॉलफॉक्स ही केमोथेरपी सुरू झाली. केमो सुरू होण्यापूर्वीच्या सीटी स्कॅनमध्ये यकृतातील दोन गाठींच्या व्यासांची बेरीज ७४ मिलिमीटर होती. चार सायकलनंतर, म्हणजे केमोच्या चार फेऱ्यांनंतर, ती ६० झाली. आठ सायकलनंतरच्या ताज्या अहवालात ती ६४ आहे आणि खाली निष्कर्ष म्हणून ‘आजार स्थिर’ असे लिहिले आहे.

घरात आता दोन तट पडले आहेत. पुतण्याचे म्हणणे असे की ६० चे ६४ झाले म्हणजे औषधाचा गुण संपला, तेव्हा आता मुंबईला नेऊन औषध बदलून घ्यावे. वहिनींचे म्हणणे असे की दादांना भूक लागते, वजन टिकून आहे, सकाळी ते स्वतः बागेत चक्कर मारून येतात, मग कागदावरच्या चार मिलिमीटरसाठी मानवलेले औषध का सोडायचे? डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी हे आकडे कसे वाचायचे असतात, गाठ वाढलेली असताना तिला ‘स्थिर’ का म्हणतात, आणि अशा वेळी डॉक्टरांना नेमके काय विचारावे, हे जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून लिहीत आहे.

पांझराकाठ

गुरुजी, मी धुळ्यात बरीच वर्षे रेडिओलॉजीचे काम केले आणि आता निवृत्त आहे. रुग्णाला न पाहता उपचाराविषयी बोलणे योग्य नाही, पण आपण दिलेल्या आकड्यांचा हिशेब कसा करतात तो मांडता येईल.

घन गाठींच्या कर्करोगात औषधाचा परिणाम मोजण्यासाठी जगभर ‘रेसिस्ट’ नावाचे निकष वापरले जातात. ते २००० साली प्रसिद्ध झाले आणि २००९ मध्ये त्यांची सुधारित १.१ ही आवृत्ती आली. पहिल्या स्कॅनमध्ये नीट मोजता येतील अशा जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, त्यातही एका अवयवातील दोनपेक्षा अधिक घ्यायच्या नाहीत, प्रत्येकीचा सर्वांत लांब व्यास मोजायचा, लसिकाग्रंथी असेल तर मात्र आखूड व्यास धरायचा, आणि बेरीज करून ठेवायची. पुढच्या प्रत्येक वेळी मापे घ्यायची ती याच गाठींची. बेरीज सुरुवातीच्या तुलनेत ३० टक्के किंवा अधिक घटली तर तो अंशतः प्रतिसाद समजतात. बेरीज आजवरच्या सर्वांत कमी बेरजेपेक्षा २० टक्के किंवा अधिक वाढली, आणि ती वाढ किमान ५ मिलिमीटरची असली, तर आजार वाढला असे धरतात. कुठेही नवी गाठ उगवली तरी आजार वाढलाच. या दोहोंच्या मधला सगळा पट्टा ‘स्थिर’ या एका शब्दात बसवलेला आहे आणि तो बराच रुंद आहे.

यातली मेख अशी की घट मोजताना तुलना पहिल्या स्कॅनशी होते आणि वाढ मोजताना सर्वांत लहान मापाच्या स्कॅनशी. आपल्या दादांच्या बाबतीत ७४ चे ६० झाले, म्हणजे सुमारे १९ टक्के घट झाली. अंशतः प्रतिसाद म्हणण्यासाठी बेरीज ५२ च्या खाली यायला हवी होती. आता ६० चे ६४ झाले, ही सात टक्क्यांच्या आतली वाढ आहे. आजार वाढला असे म्हणण्यासाठी बेरीज ७२ पर्यंत जायला हवी. लक्षात घ्या, ७२ हा आकडासुद्धा सुरुवातीच्या ७४ पेक्षा लहानच आहे. म्हणजे गाठी उपचारापूर्वीपेक्षा लहान असूनही आजार वाढला आहे असा निष्कर्ष निघू शकतो. म्हणूनच मधल्या स्कॅनची सीडी पहिल्या स्कॅनइतकीच जपून ठेवावी लागते.

हे टक्के कोणी हवेतून काढलेले नाहीत. सीटी सर्वत्र पोहोचण्यापूर्वी गाठी हाताने चाचपून मोजत असत. १९७६ साली अमेरिकेत मोर्टेल आणि हॅन्ली या दोघांनी १६ अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना फोमच्या गादीखाली ठेवलेले १२ गोळे चाचपून मोजायला लावले. तेच गोळे मोजताना एकाचे माप दुसऱ्याशी जुळेना. आपल्या बोटांच्या चुकीलाच औषधाचा गुण समजण्याची वेळ येऊ नये, म्हणून दोन व्यासांच्या गुणाकारात निम्मी घट झाली तरच प्रतिसाद मानावा, असे ठरत गेले. एका व्यासात ३० टक्के घट म्हणजे दोन व्यासांच्या गुणाकारात साधारण तीच निम्मी घट. सीटीमुळे माप पुष्कळ नेमके झाले आहे, तरीही त्याच रुग्णाचे लागोपाठ दोन स्कॅन काढले, तर एकेका गाठीच्या मापात एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो.

मला एक विचारायचे आहे. तिन्ही स्कॅन एकाच केंद्रात, एकाच पद्धतीने, कॉन्ट्रास्टचे, म्हणजे गाठी उठून दिसाव्यात म्हणून देतात ते इंजेक्शन देऊन झाले होते का?

रेल्वे पेन्शनर, भुसावळ

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून लिहितो. आमच्या घरी हे सगळे होऊन गेले आहे. दर दोन-तीन महिन्यांनी स्कॅन, प्रत्येक वेळी नवे बिल, आणि अहवालात पुन्हा तोच ‘स्थिर’. रुग्ण जेवतो की नाही, झोपतो की नाही, यावरून डॉक्टरांना कळत नाही का? स्कॅन लिहून देणारा आणि स्कॅन काढणारा यांच्यात काय चालते, हे आता शेंबडे पोरही सांगेल. त्यात सीटीचे किरण शरीराला अपायकारक असतात, हे आपणच लोक सांगता. मग इतक्या वेळा कशासाठी?

चोपडेकर गुरुजी

डॉक्टरसाहेब, आपण विचारल्यावर तिन्ही अहवाल पुन्हा काढून पाहिले. पहिले दोन स्कॅन जळगावला एकाच केंद्रात, इंजेक्शन देऊन झाले होते. तिसरा स्कॅन एप्रिलमध्ये झाला. त्या दिवसांत उलट्या आणि जुलाब यांमुळे दादा फार गळाले होते, त्यात आपल्याकडचे ऊन. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन १.६ आल्यामुळे केंद्राने इंजेक्शन न देता साधा स्कॅन केला. अहवालात वरच्या ओळीत तसे लिहिलेले आहे, पण आम्हा घरच्यांची नजर थेट खालच्या निष्कर्षावर गेली होती. आतड्याच्या कर्करोगाचा माग ठेवणारी सीईए नावाची रक्ततपासणीही झाली. ती सुरुवातीला बरीच जास्त होती, मधे उतरली आणि आता तशीच आहे.

पांझराकाठ

मग त्या चार मिलिमीटरवर घरात वाद घालण्याची गरज उरत नाही. यकृतातील अशा गाठी मुख्यतः दिसतात त्या इंजेक्शननंतर साधारण ७० सेकंदांनी काढलेल्या चित्रांत, कारण त्या वेळी निरोगी यकृत औषधाने उजळलेले असते आणि गाठ तुलनेने काळी राहते. इंजेक्शन नसेल तर गाठ आणि यकृत यांच्या करड्या छटा इतक्या जवळ येतात की कड कुठे संपते, हे बऱ्याच अंशी अंदाजानेच ठरवावे लागते. त्यात फॉलफॉक्समधील ऑक्झॅलिप्लॅटिन किंवा आयरिनोटेकॅनसारख्या औषधांनी यकृतात चरबी साठू शकते किंवा त्याच्या रचनेत बदल होऊ शकतात. यकृतच गडद झाले तर गाठीची कड आणखी पुसट होते. इंजेक्शनसह मोजलेले ६० आणि इंजेक्शनविना मोजलेले ६४ हे दोन वेगळ्या वजनकाट्यांवर तोललेल्या कापसाच्या गाठोड्यासारखे आहेत. दोन्ही आकडे खरे असतील, पण त्यांची वजाबाकी खरी नाही.

क्रिएटिनिनबद्दल. १.६ हा आकडा आला की इंजेक्शन नाकारणे ही अनेक ठिकाणची जुनी सवय आहे. आता क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून मूत्रपिंडाच्या गाळणीचा अंदाज काढतात आणि तो ३० च्या खाली असेल तेव्हा धोका विशेष गंभीर मानतात. ५८ वर्षांच्या पुरुषाला १.६ असेल तर हा अंदाज त्याच्या बराच वर येतो. शिवाय जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी कमी होऊन वाढलेले क्रिएटिनिन सलाइन आणि विश्रांतीने खाली येऊ शकते. चारआठ दिवस थांबून, रक्त पुन्हा तपासून, इंजेक्शनसह स्कॅन करता आला असता का, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा.

सीईए स्थिर असणे ही जमेची बाजू आहे, पण केवळ त्यावर विसंबू नये. केमो सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः ऑक्झॅलिप्लॅटिनवर, तो आकडा तात्पुरता वर जाऊ शकतो आणि आजार वाढल्याचा आभास होतो.

भुसावळकर काकांच्या रागामागचे कारण मी जाणतो आणि कमिशनची कीड नाही असे म्हणणार नाही. पण रुग्णाच्या भुकेवरून सगळे कळते, हे मला मान्य नाही. यकृत हा सोशिक अवयव आहे. त्यातला आजार वाढत असतानाही माणूस कित्येक आठवडे बागेत फिरत असतो. केमोच्या त्रासाने आडवा झालेला माणूस मात्र आतून बरा होत असू शकतो. औषध लागू पडत नसताना ते चालू ठेवले तर पैसा जातो, हातापायांच्या नसा बधिर होतात आणि दुसरे औषध देण्याची वेळ टळून जाते. दर दोन ते तीन महिन्यांनी पाहणे ही सर्वसाधारण पद्धत आहे. त्यापेक्षा लवकर पाहिले तर फरक मापाच्या चुकीतच बुडून जातो. किरणांविषयी सांगायचे तर पोटाच्या एका सीटीमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते आणि निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळते. विशीतल्या, पूर्ण बऱ्या झालेल्या रुग्णाला वर्षानुवर्षे उगाच स्कॅन करत राहणे चुकीचे आहे. पण पसरलेल्या कर्करोगावर उपचार चालू असताना हा धोका फार मागे पडतो. स्कॅन लिहून दिला जाईल तेव्हा एवढेच विचारावे, की निकाल असा आला तर आपण काय कराल आणि तसा आला तर काय कराल. दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर तो स्कॅन पुढे ढकलता येतो.

शिरपूरकर लेक

स्कॅनमुळे औषध कमी झाल्याचे उदाहरण माझ्याकडे आहे म्हणून लिहिते. मला हॉजकिन्स लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग झाला होता. एबीव्हीडी या केमोचे दोन महिने, म्हणजे दोन सायकल झाल्यावर नाशिकला पेट स्कॅन झाला. गाठ साखर किती खाते ते हा स्कॅन दाखवतो. त्यातील निकाल पाच पायऱ्यांच्या डोव्हिल मोजपट्टीवर देतात. फ्रान्समधील डोव्हिल गावात २००९ साली झालेल्या बैठकीत ती ठरली, म्हणून हे नाव. गाठीत साखर किती शोषली जाते याची तुलना रुग्णाच्याच छातीतील रक्तवाहिन्यांशी आणि यकृताशी करतात. यकृतापेक्षा कमी किंवा तेवढेच असेल तर तिसऱ्या पायरीपर्यंत, यकृतापेक्षा जास्त असेल तर चौथी किंवा पाचवी.

माझी दुसरी पायरी आली. गाठ मात्र सीटीत दिसत होती, मोजताही येत होती, आणि आई तेवढ्यावरून घाबरली होती. डॉक्टरांनी सांगितले की लिम्फोमात औषधाने पेशी मेल्या तरी मागे तंतूंचा निबर गोळा उरतो. तो आकाराने दिसतो, पण साखर खात नाही. त्या निकालावरून माझ्या पुढच्या सायकलमधून एबीव्हीडीतले ब्लिओमायसिन हे औषध काढून टाकण्यात आले, कारण ते फुप्फुसांना इजा करू शकते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या राथल नावाच्या मोठ्या चाचणीत असे दिसले होते की दोन सायकलनंतर पेट स्वच्छ असेल, तर ब्लिओमायसिन वगळूनही आजार आटोक्यात राहण्याचे प्रमाण जवळपास तेवढेच राहते आणि फुप्फुसांचा त्रास कमी होतो.

शिरपूरहून जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी. दिलेली वेळ चुकवू नका, कारण इंजेक्शनमधील फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी द्रव्य दर ११० मिनिटांनी निम्मे होते आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. चार ते सहा तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असेल तर साखर आधी आटोक्यात आणावी लागते. साधारण २०० च्या वर साखर असेल तर तपासणी पुढे ढकलतात. मेटफॉर्मिनमुळे आतडी उजळून दिसतात, म्हणून ती गोळी चालू असल्याचे आधीच सांगावे. आदल्या दिवशी शेतात कष्टाचे काम केले तर स्नायू चकाकतात. थंडीत कुडकुडत गेले तर मानेजवळची चरबी चकाकते आणि गाठीचा भास होतो. माझी तपासणी जानेवारीत होती, त्यामुळे मला पहाटेच्या गाडीत घोंगडी पांघरून नेले होते. पांढऱ्या पेशी वाढवण्याचे इंजेक्शन नुकतेच घेतले असेल, तर हाडांचा मगज सगळा उजळतो. तेही सांगून ठेवावे.

रेल्वे पेन्शनर, भुसावळ

ताईंचा अनुभव वाचून विचारतो. पेट इतका चांगला आहे तर गुरुजींच्या बंधूंना सीटीच्या फेऱ्यांऐवजी थेट पेटच का काढत नाहीत?

पांझराकाठ

लिम्फोमा साखर भरपूर खातो, म्हणून तिथे पेट उत्तम बोलतो. आतड्याच्या कर्करोगाचे काही प्रकार श्लेष्मल असतात आणि ते साखर कमी शोषतात. एक सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ पेटमध्ये सुटू शकते. केमो चालू असताना जिवंत पेशीसुद्धा काही काळ साखर कमी घेतात, त्यामुळे डाग विझलेला दिसला म्हणजे गाठ मेली असे यकृताच्या बाबतीत म्हणता येत नाही. मापे घेण्यासाठी इंजेक्शनसह सीटी हाच पाया धरतात.

आकाराने सगळे कळत नाही, हा ताईंचा मुद्दा यकृताच्या गाठींनाही लागू पडतो. केमोसोबत बेव्हासिझुमॅब हे औषध दिलेले असेल तर गाठ फारशी लहान न होताही तिचा पोत एकसारखा, काळा आणि कड रेखीव होते. हा चांगला बदल असतो, पण मिलिमीटरच्या हिशेबात तो ‘स्थिर’ म्हणूनच नोंदला जातो. जठराच्या जिस्ट नावाच्या गाठीत इमॅटिनिब या औषधाने असेच होते. तिथे चोई यांनी २००७ मध्ये मांडलेल्या निकषांत आकारात १० टक्के किंवा घनतेत १५ टक्के घट झाली तरी प्रतिसाद मानतात. म्हणून अहवाल वाचताना आकड्यांबरोबर गाठीच्या वर्णनाची ओळही वाचावी.

कापूस शहादा

कर्करोगापलीकडचे उदाहरण देतो, कारण आमच्या भागात हा आजार घरोघरी ऐकू येतो. माझ्या मेहुण्यांना मणक्याचा क्षयरोग झाला. औषधे सुरू होऊन काही महिने झाल्यावर कोणीतरी सुचवले म्हणून एमआरआय केला, तर अहवालात मणक्यातील सूज वाढलेली आणि शेजारचा पू किंचित अधिक. सासरे म्हणाले की औषध लागू पडत नाही, सगळे बंद करू आणि सुरतला जाऊ. मेहुणे मात्र त्या वेळी उठून बसायला लागले होते आणि रात्रीचा ताप गेला होता.

पांझराकाठ

आपले मेहुणे औषध सोडून गेले नसतील अशी आशा करतो. मणक्याच्या क्षयात एमआरआय रुग्णाच्या मागे चालतो. पहिल्या काही महिन्यांत जंतू मरत असतानाच शरीराची प्रतिक्रिया उसळते आणि सूज किंवा पू वाढलेला दिसू शकतो. मेंदूतील क्षयाच्या गाठींतही हे घडते. वेदना, ताप, वजन आणि पायांतली ताकद सुधारत असेल, तर केवळ चित्रावरून औषध बदलत नाहीत. बरे होण्याची एक खूण म्हणजे मणक्याच्या मगजात चरबी परत येणे. एमआरआयच्या टी-१ प्रकारच्या चित्रांत ती उजळ दिसते, पण त्याला वेळ लागतो. भारतातील २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हाडांच्या क्षयासाठी बारा महिन्यांचा उपचार सांगितला आहे. पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत असेल तर मात्र चित्राची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवावे. फुप्फुसांच्या क्षयात औषधाचा परिणाम प्रथम थुंकीच्या तपासणीवरून पाहतात. छातीच्या एक्स-रेवरचा व्रण जंतू गेल्यावरही जन्मभर राहू शकतो.

बोरीकाठचा वकील

अमळनेरहून लिहितो. वडिलांना प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरलेला आहे. हार्मोनचे इंजेक्शन सुरू केल्यावर अडीच-तीन महिन्यांनी बोन स्कॅन झाला आणि त्यात दोन नवे डाग दिसले. पीएसए हा प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला आकडा मात्र शंभराच्या वरून एक आकडी झाला आहे. वरील चर्चेवरून मी असे समजू का, की हाही चित्र मागे राहण्याचाच प्रकार आहे?

पांझराकाठ

शक्यता तीच आहे. बोन स्कॅन गाठ दाखवत नाही, गाठीभोवती हाड किती जोमाने बांधले जात आहे ते दाखवतो. औषध लागू पडले की मोडलेल्या जागी हाडाची भर वेगाने पडते. आधी न दिसलेली जागाही मग चमकू लागते. याला फ्लेअर म्हणतात. म्हणूनच पहिल्या स्कॅनमध्ये दोन नवे डाग दिसले तरी आजार वाढला असे लगेच ठरवत नाहीत. पुढच्या स्कॅनमध्ये त्यांच्याखेरीज आणखी किमान दोन नवे डाग आले तरच वाढ मानतात. सीटीत त्याच जागी हाड पांढरे, घट्ट होत असेल तर ते भरण्याचे लक्षण असू शकते. पीएसए उतरलेला आहे, वेदना कमी असतील, तर आपले डॉक्टर बहुधा तेच औषध चालू ठेवतील.

पुढचा प्रश्न येण्यापूर्वीच सांगतो. ‘चित्र वाईट दिसले तरी औषध चांगले आहे’ हा सर्वत्र लागू पडणारा नियम नव्हे. इम्युनोथेरपीत, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या उपचारात, गाठ आधी फुगून मग ओसरते असे काही रुग्णांत होते आणि त्यासाठी २०१७ मध्ये वेगळे निकष आले, ज्यात पहिली वाढ कच्ची धरून ४ ते ८ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून पक्की करतात. पण असे रुग्ण थोडे असतात. गाठ वाढली आणि माणूसही खालावत गेला, तर बहुतेक वेळा आजारच वाढलेला असतो.

धडगाव नर्सताई

आमच्याकडे पावरा आणि भिल्ल वस्त्यांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले आहेत. त्यांच्यासाठी ट्रान्सक्रॅनियल डॉप्लर नावाची सोनोग्राफी असते. कानशिलावर प्रोब ठेवून मेंदूच्या रक्तवाहिन्यांत रक्त किती वेगाने धावते ते मोजतात. सरासरी वेग सेकंदाला १७० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर ठीक, २०० किंवा अधिक असेल तर त्या बाळाला लकव्याचा धोका मोठा. १९९८ साली स्टॉप या अभ्यासात अशा मुलांना नियमित रक्त दिल्यावर लकव्याचे प्रमाण ९२ टक्क्यांनी कमी झाले. २ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ही तपासणी सांगितलेली आहे. यात किरण नाहीत, सुई नाही, इंजेक्शन नाही.

पालकांना समजावताना सर्वांत अवघड जाते ते असे. वेग उतरला की ते विचारतात, आता उपचार बंद करू ना? दिवसभराची मजुरी बुडवून, घाट उतरून पुन्हा यायचे असते, तेव्हा त्यांचे विचारणे चुकीचे नाही. पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या स्टॉप अभ्यासात, वेग सामान्य झालेल्या मुलांचे रक्त देणे थांबवले तेव्हा अनेकांचा वेग पुन्हा चढला आणि काहींना लकवाही झाला. अभ्यास मधेच थांबवावा लागला. पुढे २०१६ मध्ये असे दिसले की वर्षभर तरी रक्त घेतलेल्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या फार अरुंद न झालेल्या मुलांना टप्प्याटप्प्याने हायड्रॉक्सीयुरिया या औषधावर आणता येते. त्यामुळे वेग उतरला म्हणजे उपचार काम करतो आहे असे मी सांगते, उपचार संपला असे सांगत नाही.

तपासणीच्या दिवशी बाळाला ताप नसावा आणि ते जागे असावे. झोपेत, तापात किंवा रक्त फार उतरलेले असताना वेग वाढलेला येतो आणि खरे माप कळत नाही.

चोपडेकर गुरुजी

सर्वांचे आभार. डॉक्टरांची भेट झाली. आम्ही तिन्ही सीडी नेल्या होत्या आणि तिसरा स्कॅन इंजेक्शनविना झाल्याचे आधीच सांगितले. त्यांनी पडद्यावर तिन्ही शेजारी लावून पाहिले आणि औषध बदलण्यासारखे यात काही नाही असे सांगितले. क्रिएटिनिन आता १.१ आहे. पुतण्याचे समाधान झाले आहे.

पण विषय वेगळ्याच दिशेला गेला. दोन्ही गाठी यकृताच्या उजव्या भागात आहेत आणि नवी गाठ नाही, म्हणून शस्त्रक्रियेने त्या काढता येतील का, हे यकृताच्या सर्जनला विचारू असे ते म्हणाले. मी विचारले की अजून चार सायकल देऊन गाठी पार नाहीशा झाल्या तर शस्त्रक्रियाच लागणार नाही ना? त्यावर ते म्हणाले की उलट त्या दिसत आहेत तोवरच काढलेल्या बऱ्या. शस्त्रक्रियेपूर्वी त्यांनी एमआरआय सांगितला आहे. माझे दोन प्रश्न आहेत. दिसेनाशी झालेली गाठ का नको? आणि एमआरआयमधील मापाची तुलना आधीच्या सीटीशी करता येईल का?

पांझराकाठ

पहिल्याचे उत्तर असे की सीटीत न दिसणारी गाठ आणि यकृतात नसलेली गाठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केमोनंतर चित्रांतून नाहीशा झालेल्या गाठींच्या जागी पुष्कळदा जिवंत पेशी सापडतात किंवा काही महिन्यांत आजार तिथेच परत येतो. सर्जनला कापायची जागा दिसायला आणि हाताला लागायला हवी. शिवाय केमो लांबत जाते तसे उरलेले यकृत अधिक दुखावते आणि शस्त्रक्रियेनंतर त्याच यकृतावर दादांना उभे राहायचे असते. योग्य वेळी सर्जनकडे पाठवणारे डॉक्टर मिळाले, हे चांगले झाले.

दुसऱ्याचे उत्तर, तुलना करू नये. यकृतातील लहान गाठी शोधण्यात एमआरआय सीटीपेक्षा सरस आहे, विशेषतः यकृताच्या पेशींनी शोषले जाणारे इंजेक्शन वापरले तर. त्यामुळे त्यात एखादी बारीक गाठ जास्त दिसली, तर ती नवीन उगवली असे घाईने समजू नका. ती पूर्वीपासून असेल आणि सीटीला दिसली नसेल. सर्जनसाठी मात्र ती माहिती मोलाची आहे, कारण काय काढायचे आणि काय ठेवायचे ते त्यावरून ठरेल. क्रिएटिनिन उतरले आहे, तेव्हा त्याच सुमारास इंजेक्शनसह सीटीही करून घेता येईल का ते विचारा, म्हणजे ७४ आणि ६० च्या पुढचा खरा आकडा मिळेल आणि शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांसाठी नवा पाया तयार होईल. जाताना पहिल्या स्कॅनची सीडी विसरू नका, कारण केमोपूर्वी गाठी नेमक्या कुठे होत्या हे फक्त तीच सांगू शकते. फिल्मवर मोजकीच चित्रे असतात, सीडीत सगळी असतात. सीडी उघडते की नाही, ते जळगावच्या केंद्रातच संगणकावर लावून बघून घ्या. मुंबईत पोहोचल्यावर ती कोरी निघाली, असे मी अनेकदा पाहिले आहे.